किती, कितीदा आणि कुठवर: फुप्फुसाच्या चिवट संसर्गांतील प्रतिजैविकांची वेळापत्रके

फुप्फुसाच्या जुनाट संसर्गात कोणते प्रतिजैविक चालेल, हे थुंकीचा कल्चर अहवाल सांगतो. ते किती मात्रेत, दिवसातून किती वेळा आणि किती महिने द्यायचे, हे त्या अहवालात नसते. या प्रश्नांची उत्तरे गेल्या पाऊणशे वर्षांत चाचण्यांमधून मिळवावी लागली. क्षयरोग, श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा विकार म्हणजे ब्राँकिएक्टेसिस, कफ दाट करणारा जन्मजात आजार सिस्टिक फायब्रोसिस, क्षयेतर मायकोबॅक्टेरियांचा संसर्ग आणि श्वासमार्ग अरुंद करणारा जुनाट आजार सीओपीडी या पाच आजारांत ती उत्तरे इतकी वेगळी निघाली की एका आजाराचे वेळापत्रक दुसऱ्याला लावणे धोक्याचे ठरते. ‘आठवड्यातून तीनदा’ ही एकच सूचना अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या बाबतीत पुराव्यावर उभी आहे, तर क्षयरोगाच्या औषधांच्या बाबतीत ती भारताला वीस वर्षांनी मागे घ्यावी लागली. असे का झाले, हे कळण्यासाठी आधी औषध जंतूला कसे मारते ते पाहावे लागते.

औषधाचा स्वभाव

प्रत्येक जंतूची वाढ रोखायला औषधाची एक किमान पातळी लागते. प्रयोगशाळा तिला एमआयसी म्हणते. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम या बीटा-लॅक्टम औषधांच्या बाबतीत रक्तातील पातळी या रेषेच्या वर किती वेळ राहिली, याला महत्त्व असते. ती रेषेच्या दहापट उंच गेल्याने फारसा जास्त फायदा होत नाही. पेनिसिलिन नवे होते तेव्हा ते दर तीन तासांनी टोचले जाई, आणि अमेरिकेत हॅरी ईगल यांनी १९५० च्या आसपास प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की परिणाम ठरतो तो पातळी टिकण्याच्या काळावर. पुढे विस्कॉन्सिनच्या विल्यम क्रेग यांनी त्याला आकडे दिले: दोन मात्रांमधील एकूण वेळापैकी पेनिसिलिनची पातळी साधारण ५० टक्के, सेफॅलोस्पोरिनची ६० ते ७० टक्के आणि कार्बापेनेमची ४० टक्के वेळ रेषेवर असली पाहिजे. म्हणून ही औषधे विभागून देतात, आणि चिवट जंतू असेल तर प्रत्येक मात्रा सलाइनमधून तीन-चार तास संथपणे सोडतात.

जेंटामायसिन, टोब्रामायसिन, अ‍ॅमिकॅसिन ही अमिनोग्लायकोसाइड औषधे नेमकी उलट वागतात. त्यांची पातळी जितकी उंच तितका मारा जोरात, आणि पातळी उतरल्यावरही जंतू काही तास सावरत नाहीत. शिवाय मूत्रपिंडाच्या पेशी हे औषध सतत मिळाले तर अधिक साठवतात, एकदाच भरपूर मिळाले तर कमी. त्यामुळे दिवसातून तीनदा देण्याची जुनी पद्धत दोन्ही बाजूंनी तोट्याची होती. ब्रिटनमधील टॉपिक या चाचणीने २००५ मध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत दाखवले की शिरेतून दिवसातून एकदा दिलेले टोब्रामायसिन तीनदा दिलेल्या इतकेच उपयोगी पडते, आणि मुलांच्या मूत्रपिंडांना कमी इजा करते. फ्लोरोक्विनोलोन गटात पातळी आणि वेळ यांचा एकत्रित हिशेब लागतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन तर रक्तात फारसे थांबतच नाही. ते पेशींत शिरून बसते आणि सावकाश बाहेर पडते. त्याचे अर्धे प्रमाण शरीरातून जायला सुमारे ६८ तास लागतात.

एवढ्या माहितीवर न्यूमोनियासारख्या अचानक येणाऱ्या संसर्गाचे वेळापत्रक बऱ्यापैकी बांधता येते. जुनाट संसर्गात मात्र आणखी तीन अडथळे उभे राहतात. पहिला कफाचा. दाट कफातील म्युसिन आणि मेलेल्या पेशींचा डीएनए टोब्रामायसिनसारख्या औषधाला बांधून ठेवतो, त्यामुळे कफात एमआयसीच्या कितीतरी पट औषध असूनही जंतू जगतात. दुसरा अडथळा जंतूंच्या वस्तीचा. स्यूडोमोनास हा जंतू श्वासनलिकेत स्वतःभोवती चिकट थर तयार करतो, आणि त्या थराच्या आतले जंतू इतके सुस्त असतात की वाढत्या जंतूंवर मारा करणारी औषधे त्यांच्यापाशी बोथट होतात. तिसरा अडथळा क्षयरोगाचा खास: फुप्फुसातल्या पोकळीच्या भिंतीत असलेला दह्याच्या चोथ्यासारखा मृत भाग. त्यात रक्तवाहिन्या नसतात. रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड त्यात झिरपतात, मॉक्सिफ्लॉक्सासिन कडेलाच अडकते. कल्चरच्या बशीत संवेदनशील दिसणारा जंतू छातीत औषधाला दाद देत नाही, तो बहुधा या तीनपैकी एखाद्या कारणाने.

क्षयरोग: रोज की दिवसाआड

वेळापत्रकाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत महागात पडलेला प्रयोग क्षयरोगात झाला, आणि त्याचा मोठा भाग भारतातच झाला.

१९४६ ते ४८ दरम्यान ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने पहिला धडा दिला: एकटे औषध काही आठवडे गुण देते आणि मग जंतू त्याला जुमानेनासे होतात. दोन-तीन औषधे एकत्र देण्याची रीत तिथून रुळली. १९५६ मध्ये मद्रासला ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर सुरू झाले. आज ते चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९३ रुग्णांचे दोन गट केले गेले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा मद्रासच्या दाट वस्तीतल्या स्वतःच्या घरी. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने जगभरच्या सॅनेटोरियमांचा पाया काढून घेतला: औषधे नीट घेतली तर घरचा रुग्णही तितकाच बरा होतो, आणि घरच्यांना जास्त लागणही होत नाही.

‘नीट घेतली तर’ या शब्दांतच पुढची अडचण होती. वर्षभर रोज गोळ्या घेणे कोणालाही जड जाते. नजरेसमोर औषध दिले तर खात्री राहते, पण रोज रुग्णाला केंद्रावर बोलावणे शक्य नव्हते. म्हणून मद्रासमध्ये आठवड्यातून दोनदा स्ट्रेप्टोमायसिन आणि मोठ्या मात्रेत आयसोनियाझिड देऊन पाहिले गेले, आणि ते रोजच्या उपचाराच्या तोडीचे ठरले. यामागे जीवशास्त्रही होते. प्रयोगशाळेत आयसोनियाझिडच्या संपर्कानंतर क्षयजंतू काही दिवस वाढत नाहीत. रिफॅम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन यांनाही असा लांबलेला परिणाम आहे. थायासेटाझोनला तो नाही, म्हणून ते दिवसाआडच्या उपचारात कधीच बसले नाही. आठवड्यातून एकदाच औषध देण्याचा प्रयत्नही मद्रासमध्ये झाला, आणि तिथे मर्यादा दिसली. ज्यांचे यकृत आयसोनियाझिडची झटपट विल्हेवाट लावते, अशा रुग्णांत तो उपचार कमी पडला. एकच वेळापत्रक दोन शरीरांत वेगळे वागते, याचा हा फार जुना आणि स्वच्छ पुरावा आहे.

सत्तरच्या दशकात पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश चाचण्यांनी रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइडच्या जोरावर दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आणला. डेनिस मिचिसन यांनी त्याचे स्पष्टीकरण मांडले. आयसोनियाझिड पहिल्या दिवसांत वेगाने वाढणारे जंतू मारते, रिफॅम्पिसिन अधूनमधून जागे होणारे जंतू टिपते आणि पायराझिनामाइड आम्ल वातावरणात दडलेल्यांवर काम करते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने कमी औषधे, ही मांडणी इथून आली. खोकला महिन्याभरात थांबतो, भूक लागते, वजन वाढते, पण उरलेले सुस्त जंतू संपवायला पुढचे महिने लागतातच. बरे वाटल्यावर गोळ्या सोडणारा रुग्ण या जंतूंना मोकळा सोडतो.

भारताने १९९७ मध्ये सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आठवड्यातून तीनदा औषध हे वेळापत्रक स्वीकारले. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधाचा डबा असे, नव्या रुग्णाचा लाल आणि पुन्हा उपचार घेणाऱ्याचा निळा. आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा गावातला एखादा दुकानदार ठरलेल्या दिवशी समोर बसवून गोळ्या देई. दिवसाआड द्यायचे म्हणून आयसोनियाझिडची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅमवरून १० वर, पायराझिनामाइडची २५ वरून ३५ वर आणि इथॅम्ब्युटॉलची १५ वरून ३० वर नेली होती. रिफॅम्पिसिनची मात्रा मात्र तेवढीच राहिली, किलोमागे १० मिलिग्रॅम. या औषधाचे मोठे डोस आठवडाभराच्या अंतराने दिले तर ताप, कणकण आणि कधी रक्तातील बिंबाणू घटण्यासारखी प्रतिक्रिया येते, हे आधीच्या प्रयोगांत दिसले होते. म्हणजे दिवसाआडच्या उपचारात सर्वांत महत्त्वाच्या औषधाची आठवड्याची एकूण मात्रा निम्म्याहून कमी झाली. या कार्यक्रमाने लाखो जीव वाचवले, हे निर्विवाद आहे. ही त्रुटी मात्र त्याच्या गाभ्यातच होती.

तीनपैकी एक डोस चुकला की चार दिवसांची पोकळी पडते. रोजच्या उपचारात एक डोस चुकला तर ती दोन दिवसांची असते. एचआयव्ही असलेल्यांत, फुप्फुसात मोठी पोकळी असलेल्यांत आणि आयसोनियाझिडला आधीच न जुमानणाऱ्या जंतूंत हा फरक ठळक झाला. आजार उलटण्याचे आणि रिफॅम्पिसिनला प्रतिरोध निर्माण होण्याचे प्रमाण दिवसाआडच्या उपचारात जास्त असल्याचे वेगवेगळ्या देशांतील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांतून पुढे येत गेले. चेन्नईच्या संस्थेनेच एचआयव्हीबाधित क्षयरुग्णांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाआडच्या गटात रिफॅम्पिसिनला नवा प्रतिरोध दिसला, रोज औषध घेणाऱ्यांत दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शक्य तिथे रोजचा उपचार द्यावा असे म्हटले आणि २०१७ मध्ये दिवसाआडचा उपचार बंदच करायला सांगितले. भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०१७ मध्ये नऊ महिन्यांत बदल करण्याचे ठरले. पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्या वर्षअखेरीपर्यंत रोजचा उपचार देशभर पोचला.

आजच्या वेळापत्रकात चार औषधे एकाच गोळीत असतात: आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. २५ ते ३४ किलो वजनाला दोन गोळ्या, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार, असा वजनाचा हिशेब. दोन महिन्यांनी पायराझिनामाइड गळते आणि उरलेली तीन औषधे चार महिने चालू राहतात. भारतात आयसोनियाझिडला प्रतिरोध बराच असल्याने इथॅम्ब्युटॉल शेवटपर्यंत ठेवले आहे, आणि हा निर्णय योग्य आहे. इथे एक काटेकोरपणा फार गरजेचा असतो. उपचारादरम्यान वजन वाढून रुग्ण पुढच्या गटात गेला तर गोळ्याही वाढल्या पाहिजेत. ४८ किलोचा माणूस दोन महिन्यांत ५३ किलोचा झाला आणि तीनच गोळ्या घेत राहिला, तर गुण येत असतानाच त्याची मात्रा तोकडी पडते. रोज केंद्रावर बोलावणे शक्य नसल्याने नजरेखालचे औषध देण्याची जागा नव्या युक्त्यांनी घेतली. त्यांपैकी ९९डॉट्समध्ये गोळ्यांच्या पाकिटामागच्या कागदावर फोन नंबर दडवलेला असतो. गोळी बाहेर काढली की तो उघडा पडतो आणि रुग्ण त्यावर मिस्ड कॉल देतो. पुढची गोळी काढेपर्यंत पुढचा नंबर कळत नाही.

सरकारी वेळापत्रकावर इतकी चर्चा झाली, खासगी दवाखान्यांतील वेळापत्रकांवर मात्र फारशी नाही. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये धारावीतल्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना क्षयरोगाची चिठ्ठी लिहायला सांगितली, तेव्हा ८० वेगवेगळी वेळापत्रके हाती आली. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हाच अभ्यास तिथेच पुन्हा केला. १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या, आणि फक्त सहा डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती. कल बहुधा जास्त औषधे आणि जास्त महिने देण्याकडे होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून २०१२ च्या सुरुवातीला तपासलेल्या सगळ्याच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाची नोंद झाली, तेव्हा देश हादरला. चुकीच्या मात्रा, एकेरी औषधे आणि मधेच तुटलेले कोर्स अशा रुग्णांच्या मागे वर्षानुवर्षे साचत जातात.

सहा महिन्यांहून कमी वेळात क्षयरोग बरा करण्याचे पहिले मोठे प्रयत्न फसले. २०१४ मध्ये मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा गॅटिफ्लॉक्सासिन घेऊन चार महिन्यांवर आणलेल्या तीन चाचण्यांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले. २०२१ मध्ये रोज १२०० मिलिग्रॅम रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेले चार महिन्यांचे वेळापत्रक पहिल्यांदा सहा महिन्यांच्या बरोबरीला आले. २०१४ च्या त्या तीन चाचण्यांची माहिती एकत्र करून पाहिली असता एक गोष्ट ठसठशीत दिसली: हलका आजार असलेल्या बहुसंख्य रुग्णांना चार महिने पुरतात, आणि भरपूर जंतू व मोठी पोकळी असलेल्यांना कधी सहाही पुरत नाहीत. सर्वांना एकच मुदत लावण्यात एकाला नको तितके औषध मिळते आणि दुसऱ्याला कमी. त्याच विश्लेषणात दहापैकी एकाहून जास्त डोस चुकवणाऱ्यांत अपयशाचा धोका कित्येक पट होता. मुदत कमी करण्याइतकीच मात्रा वाढवण्यालाही जागा आहे. रिफॅम्पिसिनची आजची मात्रा सत्तरच्या दशकात औषध फार महाग असताना ठरली होती. किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत दिल्यास जंतू लवकर नाहीसे होतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतील चाचणीने दाखवले आहे.

प्रतिरोधी क्षयरोगात वेळापत्रकाने सर्वांत सुखद वळण घेतले. जुना उपचार दीड-दोन वर्षे चाले आणि त्यात महिनोन्‌महिने रोज इंजेक्शन असे. कान जाण्याच्या भीतीत रुग्ण जगत. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड आणि लिनेझोलिड यांच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांनी हे चित्र पालटले. बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम आणि मग आठवड्यातून तीनदा २०० मिलिग्रॅम देतात. इथे दिवसाआडचे अंतर औषधाच्या स्वभावातूनच येते, कारण ते शरीरातून पूर्ण जायला महिने लागतात. सुरुवातीच्या मोठ्या मात्रा शरीर भरण्यासाठी असतात, नंतरच्या ती पातळी राखण्यासाठी. लिनेझोलिडची मात्रा मात्र रुग्णांच्या पायांनी ठरवली. दक्षिण आफ्रिकेतील पहिल्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम दिले तेव्हा ९० टक्के बरे झाले, पण ८१ टक्क्यांना हातापायांच्या नसांची जळजळ व बधिरता आली. पुढच्या चाचणीत २६ आठवडे ६०० मिलिग्रॅम दिले. बरे होण्याचे प्रमाण ९१ टक्के राहिले आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. भारताने २०२४ मध्ये मॉक्सिफ्लॉक्सासिन जोडलेले हे वेळापत्रक राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यायला मान्यता दिली.

क्षयजंतूच्या कुळातील इतर जंतू

एव्हियम संकुल हा क्षयेतर मायकोबॅक्टेरियांमधील फुप्फुसाला त्रास देणारा प्रमुख जंतू. ‘आठवड्यातून तीनदा’ इथे पुन्हा भेटते, पण अटींसह. पोकळी नसलेल्या, गाठी आणि रुंदावलेल्या नलिकांच्या प्रकारात अ‍ॅझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल आठवड्यातून तीनदा पुरतात आणि सोसतातही चांगले. पोकळी असेल तर तीच औषधे रोज, आणि पहिले काही महिने शिरेतून अ‍ॅमिकॅसिन. मुदत कॅलेंडरवरून मोजत नाहीत. थुंकीचे कल्चर जंतूमुक्त झाल्यापासून बारा महिने मोजतात. म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी कल्चर केले नाही तर उपचार कधी संपणार हेच कळत नाही. या आजारात अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन एकटे देणे हा मोठा अपराध मानावा. त्याने मुख्य औषधच निकामी होते.

ब्राँकिएक्टेसिस आणि सिस्टिक फायब्रोसिस

युरोपच्या एम्बार्क नोंदणीच्या भारतीय शाखेने ३१ केंद्रांतील २१९५ ब्राँकिएक्टेसिस रुग्णांची माहिती २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. सर्वांत मोठे कारण निघाले जुना क्षयरोग, ३५.५ टक्के. वेळेत आणि पूर्ण बरा न झालेला क्षय इथे दुसऱ्या आजाराच्या रूपाने परत येतो, आणि आता जंतू असतात स्यूडोमोनास, हिमोफिलस, क्लेब्सिएला.

या दोन आजारांत वेळापत्रके तीन कामांसाठी लागतात. पहिले काम आजार उसळल्यावर देण्याच्या कोर्सचे. ब्राँकिएक्टेसिसमध्ये रूढ मुदत १४ दिवसांची आहे. न्यूमोनियात पाच-सात दिवस पुरत असताना इथे दुप्पट का, असा प्रश्न पडतो. या १४ दिवसांमागे भक्कम तुलनात्मक पुरावा नाही, तज्ज्ञांचे एकमत आहे, हे मान्य केलेले बरे. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये मात्र २०२१ मध्ये अमेरिकेतील स्टॉप-२ चाचणीने ठोस उत्तर दिले. शिरेतून दिलेल्या उपचारावर लवकर सुधारणाऱ्यांना दहा दिवस आणि १४ दिवस सारखेच, आणि उशिरा सुधारणाऱ्यांना २१ दिवसांचा १४ पेक्षा जास्त फायदा नाही. या रुग्णांची शरीरे औषधे लवकर बाहेर टाकतात, त्यामुळे त्यांच्या मात्रा नेहमीपेक्षा मोठ्या असतात.

दुसरे काम स्यूडोमोनास पहिल्यांदाच सापडला की त्याला वस्ती करू न देण्याचे. कोपनहेगनमध्ये नील्स होइबी आणि सहकाऱ्यांनी कोलिस्टिनचा वाफारा आणि तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन अशी जोडी वापरून हे शक्य असल्याचे दाखवले. ब्रिटन-इटलीतील टॉर्पेडो चाचणीने २०२० मध्ये विचारले की दोन आठवडे शिरेतून सेफ्टाझिडिम आणि टोब्रामायसिन देणे तीन महिने तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन घेण्यापेक्षा चांगले का? उत्तर नकारार्थी आले. तिकडे कितीतरी मुलांचा रुग्णालयातला दोन आठवड्यांचा मुक्काम त्यामुळे वाचला. डेन्मार्कने सत्तरच्या दशकापासून एक आगळी पद्धतही चालवली: वस्ती झालेल्या रुग्णांना लक्षणे असोत नसोत, दर तीन महिन्यांनी दोन आठवडे शिरेतून उपचार. तिथली जगण्याची आकडेवारी सुधारली, पण ब्रिटनमध्ये याची लक्षणांनुसार दिलेल्या उपचाराशी तुलना केली तेव्हा वेगळा फायदा दिसला नाही.

तिसरे काम वस्ती केलेल्या जंतूंना दाबून ठेवण्याचे, आणि इथे वाफाऱ्याने देण्याची औषधे येतात. श्वासनलिकेत थेट पोचल्याने कफातील पातळी रक्तातल्या पातळीच्या कितीतरी पट होते, आणि रक्तात औषध नगण्य राहिल्याने मूत्रपिंड वाचतात. टोब्रामायसिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस चालू आणि २८ दिवस बंद, हे वेळापत्रक १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२० रुग्णांच्या चाचणीवर उभे आहे. वीस आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांच्या फुप्फुसाची क्षमता दहा टक्क्यांनी वाढली होती, न घेणाऱ्यांची दोन टक्क्यांनी घटली होती. बंद महिन्याचा हेतू प्रतिरोधी जंतूंना एकहाती वरचढ होऊ न देण्याचा. त्या महिन्यात काही रुग्णांची तब्येत घसरते, म्हणून त्यांना बंद महिन्यात दुसरे औषध, उदाहरणार्थ दिवसातून तीनदा ७५ मिलिग्रॅम अ‍ॅझट्रिओनाम, देण्याची रीत पडली. कोलिस्टिन बंद न करता सतत दिले जाते. ब्राँकिएक्टेसिसमध्ये वाफाऱ्याच्या औषधांची कहाणी खडतर राहिली. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कोरड्या चूर्णाच्या दोन मोठ्या चाचण्यांत १४ दिवस आणि २८ दिवस अशी दोन्ही वेळापत्रके तपासली गेली, पण निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. कोलिस्टिनच्या प्रॉमिस-१ चाचणीत मात्र आजार उसळण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. वाफाऱ्यांचा क्रमही वेळापत्रकाचाच भाग आहे: आधी श्वासनलिका सैल करणारे औषध, मग खारे पाणी आणि कफ काढण्याचा व्यायाम, शेवटी प्रतिजैविक. कफाने भरलेल्या नलिकांत आधीच प्रतिजैविक दिले तर ते वाया जाते.

मॅक्रोलाइड: लहान मात्रा, लांब मुदत

डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस हा जपानमध्ये आढळणारा श्वासनलिकांचा जीवघेणा आजार. शोजी कुडो यांनी ऐंशीच्या दशकात त्यावर मॅक्रोलाइड गटातील एरिथ्रोमायसिन रोज ६०० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेहून कमी, महिनोन्‌महिने देऊन पाहिले. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सत्तरच्या दशकात ६३ टक्क्यांच्या आसपास होते, ते १९८५ नंतर ९१ टक्क्यांवर गेले. स्यूडोमोनास या औषधाला नेहमीच्या अर्थाने दाद देत नाही, तरी रुग्ण सुधारले. औषध जंतू मारण्याऐवजी सूज आटोक्यात आणते आणि जंतूंच्या चिकट थराची बांधणी बिघडवते, असे पुढे समजले. म्हणून इथे एमआयसीचा हिशेब लागू होत नाही.

न्यूझीलंडच्या एम्ब्रेस चाचणीत अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा सहा महिने दिले गेले, नेदरलँड्सच्या बॅट चाचणीत रोज २५० मिलिग्रॅम बारा महिने. २०१२-१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन्ही चाचण्यांत ब्राँकिएक्टेसिस उसळण्याचे प्रमाण ठळकपणे घटले. पेशींत साठून राहणाऱ्या औषधाला रोजचा आणि दिवसाआडचा फरक जवळपास कळत नाही. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा आजार उसळणाऱ्यांसाठी हा उपचार सुचवला जातो. त्याआधी थुंकीत क्षयेतर मायकोबॅक्टेरिया नाहीत याची खात्री, ईसीजी आणि कानांची तपासणी हवी. भारतात या खात्रीत क्षयरोगाची तपासणीही धरावी.

सीओपीडी

सीओपीडीमध्ये कोर्स सर्वांत लहान आहेत, आणि असायला हवेत. १९८७ मध्ये विनिपेगच्या निकोलस अँथोनिसन यांनी दाखवले की दम वाढणे, कफ वाढणे आणि कफ पिवळा-हिरवा होणे ही तिन्ही लक्षणे असतील तेव्हाच प्रतिजैविकाचा फायदा सर्वांत जास्त दिसतो. मुदतीबाबत पाच दिवस आणि त्याहून लांब कोर्स यांत फरक नाही, असे अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण सांगते. आपल्याकडे मात्र दहा दिवसांचा कोर्स अजून सर्रास लिहिला जातो. आजार उसळू नये म्हणून दर आठ आठवड्यांनी पाच दिवस मॉक्सिफ्लॉक्सासिन देण्याचा प्रयोगही झाला, पण तो रुळला नाही, आणि क्षयरोगाच्या देशात तो रुळू नये हेच बरे. मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखे फ्लोरोक्विनोलोन एकटे दिले तर दडलेल्या क्षयाची लक्षणे तात्पुरती झाकली जातात, निदान लांबते आणि प्रतिरोध वाढतो. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर रोज २५० मिलिग्रॅम अ‍ॅझिथ्रोमायसिन घेणाऱ्या सीओपीडी रुग्णांत पहिल्यांदा आजार उसळेपर्यंतचा काळ १७४ वरून २६६ दिवसांवर गेला, पण ऐकण्यात घट २० ऐवजी २५ टक्क्यांत दिसली. धूम्रपान चालू असणाऱ्यांना फायदा फारसा झाला नाही.

शरीर, जेवण आणि इतर औषधे

मूत्रपिंड मंदावले असतील तर अमिनोग्लायकोसाइडची मात्रा कमी करण्यापेक्षा दोन मात्रांमधले अंतर वाढवतात, कारण उंची राखायची असते. इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइडबाबतही हेच. बीटा-लॅक्टममध्ये उलट, आधी मात्रा कमी करतात. रिफॅम्पिसिन यकृताला इतर औषधे वेगाने मोडायला लावते. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि एचआयव्हीची अनेक औषधे त्यामुळे तोकडी पडतात, आणि ते थांबवल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा जोर धरतात. मधुमेही क्षयरुग्णाची साखर उपचाराच्या पहिल्या महिन्यातच पुन्हा तपासावी ती यासाठी. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड रिकाम्या पोटी जास्त शोषले जातात. मळमळ होत असेल तर थोड्या खाण्यासोबत घेतलेले चालते, कारण गोळी उलटून पडण्यापेक्षा थोडे कमी शोषण परवडते. बेडाक्विलिन मात्र जेवणासोबतच घ्यावे लागते, त्याने शोषण साधारण दुप्पट होते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधे लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरच्या मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमच्या औषधांना चिकटून आतड्यातून तशीच निघून जातात. सिप्रोफ्लॉक्सासिन या गोष्टींच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे, आणि नुसत्या दुधा-दह्यासोबत घेऊ नये.